गेटवरच्या अ‍ॅपची सेटिंग्ज कुणी ठरवायची?

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य

सप्रेम नमस्कार.

कांदिवलीच्या ठाकूर कॉम्प्लेक्सपासून गिरणगावात उभ्या राहिलेल्या टॉवरपर्यंत, थोडी मोठी सोसायटी असली की वॉचमनच्या हातात आता वही नसते, फोन असतो. येणाऱ्याचा नंबर टाकायचा, फोटो काढायचा, वर फ्लॅटमध्ये नोटिफिकेशन जातं, कुणीतरी ‘मंजूर’ दाबतं आणि दांडा वर होतो. अनेक ठिकाणी हे अ‍ॅप सभेतल्या ठरावाने आलेलंच नाही. बिल्डरने ताबा देताना बसवून दिलं, किंवा कंपनीचा माणूस रविवारी सकाळी कमिटीसमोर लॅपटॉप उघडून ‘काही महिने फुकट वापरून बघा’ म्हणाला आणि ते तसंच राहून गेलं.

आम्ही सोसायट्यांचे हिशेब, सुरक्षा आणि या अ‍ॅपची मांडणी अशी कामं पाहणारे काही जण आहोत. आमची अ‍ॅपला हरकत नाही. जुन्या वहीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. ती टेबलावर उघडी पडलेली असायची आणि मागून येणारा कुणीही वरच्या ओळीतल्या बाईचं नाव, फ्लॅट आणि मोबाइल वाचून जायचा. आमचं म्हणणं वेगळं आहे. अ‍ॅप बसवलं म्हणजे काम झालं, असं समजून तुम्ही कंपनीने भरून दिलेली सेटिंग्ज तशीच ठेवली आहेत. तुमच्या आवारात कोण झटकन आत येणार आणि कोण ताटकळणार, हे त्या सेटिंग्जमधून ठरतं आहे. खरं तर हे समितीने ठरवायचं होतं. कुणीच ठरवलं नाही, आणि तरीही ते ठरून गेलं.

वॉचमनच्या पडद्यावर साधारण चार-पाच चौकटी असतात: पाहुणे, डिलिव्हरी, कॅब, रोजची माणसं, इतर. ‘डिलिव्हरी’ दाबलं की कंपन्यांचे लोगो ओळीने येतात. लोगोवर बोट, फ्लॅट नंबर, झालं. ‘या कंपनीचा माणूस तासाभरात आला तर विचारू नका’ असं रहिवाशाने आधीच सांगून ठेवलेलं असेल, तर वर विचारणाही होत नाही. आता पाटी घेऊन आलेली कोळीण घ्या. ती ‘इतर’मध्ये. तिला लोगो नाही, ऑर्डर नंबर नाही आणि ठरलेला एक फ्लॅटही नाही. ती बी विंगमध्ये चार घरी जाते आणि जाता जाता पाचव्या घरी विचारते. अ‍ॅपला मात्र एकच फ्लॅट हवा. वॉचमन ज्या घराचा नंबर टाकतो त्या बाई नेमक्या आंघोळीला गेलेल्या असतात, उत्तर येत नाही, मागे गाड्यांची रांग लागते, आणि तो सोपा मार्ग काढतो: “मावशी, उद्या या.” पहाटे ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर लिलावात घेतलेल्या मासळीला उद्या नसतो.

तिला कुणी मुद्दाम हाकललेलं नाही. तरी वर्षभराने त्याच बिल्डिंगमध्ये बांगडा हवा असला तर फोनवरूनच मागवावा लागतो, आणि मग आपणच म्हणतो, ‘हल्ली दारावर कुणी येतच नाही हो.’ लालबाग, परळ, गिरगावात तर हे फार विचित्र दिसतं. चाळीला गेट नव्हतं. पुनर्विकासात तीच कुटुंबं बाविसाव्या मजल्यावर गेली, कोळीण तीच आहे, गिऱ्हाईकही तेच आहे, आणि दोघींच्या मध्ये एक पडदा आलाय ज्यात तिच्यासाठी चौकटच नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत. घरकामाला येणाऱ्या रोजच्या माणसांना जो कायमचा कोड दिला जातो, तोच विक्रेत्यांसाठी वापरता येतो. अ‍ॅडमिनच्या पानावर ‘नियमित विक्रेते’ असा गट तयार करा. नवा गट करता येत नसेल तर ‘रोजची माणसं’मध्येच तशी नोंद करा. फ्लॅटच्या जागी सोसायटीच्या ऑफिसचा नंबर टाका, म्हणजे मंजुरी घराघरातून मागावी लागत नाही. मग वेळा लावा. दूध, पेपर आणि फुलपुडीवाल्याला पहाटे ४ ते ७, मासळी-भाजीला ८ ते १२, इस्त्रीवाल्याला सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी, रद्दीवाल्याला रविवार. गर्दीची भीती असेल तर एका वेळी आत किती विक्रेते असावेत याचाही आकडा ठरवा. पास बारा महिन्यांचा द्या आणि समितीच्या सहीने द्या.

इथे एक खड्डा आहे. काही अ‍ॅपमध्ये ठरावीक दिवस न वापरलेला कोड आपोआप बंद होतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे ६१ दिवस. कोड साठ दिवसांनी मरणारा असेल तर नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ताजी मासळी घेऊन आलेली कोळीण पुन्हा ‘इतर’मध्ये जाऊन पडते. मे महिन्यात किंवा गणपतीत गावी गेलेल्या कामवाल्या ताईंचंही तेच. ही मुदत किमान १२० दिवसांची करून घ्या. अ‍ॅडमिनच्या पानावर ते सेटिंग दिसत नसेल तर कंपनीच्या सपोर्टला ईमेल करा. आणि ईमेलच करा, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

पोस्टमनला गेटवर अडवणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे. त्याच्याजवळच्या स्पीड पोस्टवर सही घ्यायची असते. घरी माणूस असूनही नोटिफिकेशनला उत्तर आलं नाही की टपाल परत जातं, आणि त्यात बँकेचं कार्ड असतं, नाही तर कुणाच्या नोकरीचं पत्र. पोस्टमन, वीज आणि गॅसचे मीटर पाहणारे, महापालिकेचे आरोग्यसेवक, मतदार यादीचं काम करणारे बीएलओ, २०२७च्या जनगणनेचे प्रगणक, या सगळ्यांसाठी एकच नियम करा: ओळखपत्र पाहायचं, नाव आणि वेळ टिपायची, आत सोडायचं. फ्लॅटची मंजुरी मागायची नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाच्या गाडीसाठी तर नोंदसुद्धा नको. दांडा आधी उघडायचा, गाडीचा नंबर ती बाहेर पडताना टिपायचा. हे वाक्य मोठ्या अक्षरांत वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. पाळी बदलली, एजन्सी बदलली, की तोंडी सूचना आधीच्या माणसाबरोबर निघून जाते.

आता घरकाम करणाऱ्या बायकांविषयी जरा सविस्तर. मेळ सर्वांत जास्त इथेच चुकतो.

समजा तुमच्याकडे सकाळी ७ ते ८.३० या दीड तासात १२० बायका येतात. कोड टाकणं, फोटो जुळवणं, ‘आत’ दाबणं याला एकीमागे २५ सेकंद धरा. म्हणजे ३,००० सेकंद, पन्नास मिनिटं. दीड तासातली पन्नास मिनिटं वॉचमन मान खाली घालून फोनमध्ये असतो, आणि त्याच वेळात शाळेच्या बस, ऑफिसच्या गाड्या आणि डिलिव्हरीवाले येत असतात. पावसाळ्यात ओल्या काचेवर बोट लागत नाही, मग पंचवीसचे चाळीस सेकंद होतात. रांग रस्त्यावर जाते. पहिल्या घरी पोचायला उशीर झालेल्या बाईला त्या घरी बोलणी बसतात, दुसऱ्या घरीही बसतात, आणि दोन्ही घरांना वाटतं तीच उशिरा निघाली. सकाळच्या वेळेला दुसरा फोन आणि दुसरा माणूस द्या, फोन छपराखाली स्टँडवर लावा, पुसायला कोरडं फडकं ठेवा आणि रोजच्या माणसांचा फोटो आठवड्यातून एकदाच जुळवा. चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवून हा प्रश्न सोडवण्याचा मोह कंपनी घालेल. तो टाळा. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. आणि ‘नाही’ म्हटलं तर काम जाईल अशा स्थितीत दिलेल्या होकाराला संमती म्हणणं कठीण आहे.

गेटवरची वेळ ही कामाची वेळ नव्हे. गेटवर ७.०४, लिफ्टला रांग, घरात ७.१९. महिनाअखेर अ‍ॅपमधली हजेरी उघडून पगार कापणारी घरं आहेत. त्या तक्त्यात ही पंधरा मिनिटं कुठेच दिसत नाहीत. शिवाय बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती आणखी कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करते हे सगळ्यांना दिसतं, आणि तिला तारे देता येतात. ते तारे तिला दिसत नाहीत, त्यावर उत्तर देता येत नाही, आणि पगारवाढ मागितली म्हणून एका घराने दिलेला एक तारा नवं काम शोधताना तिच्या पुढे चालतो. रेटिंग बंद करा. एका फ्लॅटला दुसऱ्या फ्लॅटची नोंद दिसणंही बंद करा. आणि ‘ब्लॉक’चा अधिकार एकेका रहिवाशाकडे ठेवू नका, कारण एका घराने ब्लॉक केलं की तिची बाकीची पाच घरंही जातात. तक्रार लेखी घ्या, तिचं म्हणणं ऐका, निर्णय समितीने करा आणि तारखेसह टिपून ठेवा. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ नेमणारा कायदा महाराष्ट्राने २००८ सालीच केला आहे. कायद्याच्या नजरेत त्या कामगार आहेत, हे अ‍ॅपची मांडणी करतानाही लक्षात असू द्या.

आधार कार्डाचे फोटो काढणं थांबवा. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७चा जो भाग रद्द केला, तो खासगी संस्थांनी आधार मागण्याविषयीचाच होता. तरीही सोसायट्यांच्या ऑफिसात, वॉचमनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आणि अ‍ॅपच्या गॅलरीत बारा आकडे उघडे पडलेले असतात. कुठलंही एक ओळखपत्र पाहा, त्याचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहा, कार्ड परत द्या. कुणी आपणहून आधारच देत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार, ते देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. आजवर जमलेल्या झेरॉक्स रद्दीत घालू नका, श्रेडरमध्ये घाला.

नोटिफिकेशन पोचत नाही ही सगळ्यांची तक्रार. त्यात दोष बहुतेक वेळा अ‍ॅपचा नसतो. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप झोपवतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन या एका अ‍ॅपची बॅटरी-बचत बंद करावी लागते. बेसमेंटमध्ये किंवा लिफ्टमध्ये रेंज नसते. म्हणून क्रम असा लावा: आधी नोटिफिकेशन, ३० सेकंदांत उत्तर नाही आलं तर दुसऱ्या नंबरवर कॉल, तोही नाही तर इंटरकॉम. इंटरकॉम काढून टाकलेल्या सोसायट्यांनी तो परत जोडावा. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजींच्या घरी कोण आलंय हे त्यांच्या पुण्यातल्या मुलाला विचारून ठरवायचं, हा प्रकार काही ठिकाणी खरोखर चालू आहे.

याहून गंभीर म्हणजे जुने भाडेकरू. मुंबईत लिव्ह अँड लायसन्सचा करार सर्रास ११ महिन्यांचा असतो. भाडेकरू जातो, नवा येतो, पण जुन्याचा नंबर अ‍ॅपमध्ये तसाच राहतो. म्हणजे नव्या भाडेकरूच्या घरी कोण, कधी आलं हे जुन्याला दिसतं, आणि अंधेरीला राहायला गेलेला तो माणूस तुमच्या गेटवर कुणालाही ‘मंजूर’ करू शकतो. सुरक्षेसाठी बसवलेल्या यंत्रणेत यापेक्षा मोठं भोक नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला मॅनेजरने सक्रिय नंबरांची यादी उतरवून ऑफिसातल्या करारांच्या यादीशी ताडून पाहावी. करार संपल्याची तारीख टाकण्याची सोय असेल तर ती न चुकता भरा. विकलेल्या फ्लॅटचे जुने मालक, सोडून गेलेले ड्रायव्हर आणि बदललेल्या एजन्सीच्या वॉचमनचे लॉगिन हेही त्याच दिवशी काढा. सगळ्या वॉचमनना मिळून एकच लॉगिन आणि पासवर्ड १२३४ असेल, तर रात्री दोन वाजता दांडा कुणी उघडला हे कधीच सापडणार नाही.

गणपतीच्या दिवसांत एका घरी आरतीला तीस माणसं येतात. दर माणसामागे मंजुरी मागितली तर आरती संपेल आणि पाहुणे गेटवरच राहतील. एकाच कोडवर ठरावीक संख्येचा गट आत सोडण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये आहे. तिची माहिती चतुर्थीच्या आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लावा, मराठीत लावा. आणि केबिनमध्ये आखलेली एक कोरी वही असू द्या. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या, कित्येक ठिकाणी मोबाइलही बंद पडला. अशा वेळी गेट चालवायला वही आणि पेन लागतं. वीज आली की ती वही कुलपात.

पार्सलचं ओझं वॉचमनच्या डोक्यावर कधी आलं, कुणाला कळलंच नाही. त्याच्या कामाच्या यादीत ते नाही, पगारात नाही, पण हरवलं की जबाबदार तोच. आधी जागा ठरवा: विंगप्रमाणे कप्पे, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, गळतीच्या पाइपखाली नको. पार्सल घेताना फ्लॅट आणि वेळ त्यावर मार्करने लिहायची, नेणाऱ्याची सही घ्यायची आणि ४८ तासांनंतर ठेवायचं नाही. वस्तू हाती आल्यावर पैसे द्यायचे असलेलं, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीचं, पार्सल गेटवर अजिबात घ्यायचं नाही. न मागवलेली डबी अशा पद्धतीने पाठवून, साहेब घरी नाहीत म्हणून वॉचमनकडून पाचसातशे रुपये काढायचे, ही फसवणूक जुनी झाली तरी चालते. डिलिव्हरीचा ओटीपी वॉचमनमार्फत ओरडून सांगू नये. वस्तू परत न्यायला आलेल्या माणसाच्या हाती, परतीची नोंद रहिवाशाने स्वतःच्या ऑर्डरमध्ये पाहिल्याशिवाय, काही देऊ नये.

आणि पार्सल आणणारा? त्याचं मिनिट न मिनिट मोजलं जातं. जवळच्या गोदामातून काही मिनिटांत वाणसामान पोचवायचं आश्वासन दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं असतं, आणि तुमच्या गेटवरची तीन मिनिटं त्याच्या खात्यातून जातात. मग तो ती रस्त्यावर भरून काढतो, कधी तुमच्याच आवारात, जिथे मुलं खेळत असतात. आवारात ताशी १० किलोमीटरची पाटी लावून भागत नाही. गेटजवळ दुचाकीला पाच-सहा जागा आखून द्या आणि तिथून पायी पाठवा. त्याला फक्त मालवाहू लिफ्ट, असा नियम बऱ्याच टॉवरमध्ये आहे. ती लिफ्ट फर्निचर चढवण्यात अडकलेली असते आणि तो अठरा मजले चढतो. हा नियम कशासाठी केला, हे एकदा इतिवृत्तात शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. पाण्याचा नळ आणि वॉचमनचं स्वच्छतागृह त्याला वापरू द्यावं, एवढ्यासाठी ठराव लागू नये. सामाजिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ला अमलात आली, तिने गिग कामगार (अशी अ‍ॅपवरची सुटी कामं करणारे) ही ओळख कायद्यात आणली आणि कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद केली. ते कंपन्यांचं काम. गेटच्या आतलं तुमचं.

आता नोंदी जातात कुठे ते पाहू. रोज शेकडो माणसांची नावं, नंबर, फोटो, गाड्यांचे क्रमांक आणि कोणत्या घरी कोण किती वेळ होतं याचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर साठतो. अ‍ॅप फुकट किंवा नाममात्र दरात मिळत असेल तर कंपनीची कमाई बहुधा जाहिराती, घरपोच सेवा आणि घरांच्या भाडे-विक्रीच्या दलालीतून होते. दार उघडायच्या बटणाखालीच रंगकामाची जाहिरात का येते, ते यात आलं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याप्रमाणे माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, मुख्य जबाबदारी त्याची. म्हणजे सोसायटीची; कंपनी तिच्या वतीने काम करणारी. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ही जबाबदारी कंपनीवर ढकलता येत नाही. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास कमाल दंड २५० कोटींपर्यंत आहे. तुम्हाला कुणी तेवढा करणार नाही, पण ‘आम्हाला काय माहीत, अ‍ॅपवाल्यांना विचारा’ हे उत्तर यापुढे चालणार नाही. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागते. मराठी त्यात आहे. तेव्हा कंपनीकडे मराठी पडदा मागताना ‘जमलं तर बघा’ असा सूर लावायचं कारण नाही. माहिती फुटली तर संबंधितांना विनाविलंब आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे. तो तुम्ही कधी देणार? कंपनीने तुम्हाला कळवलं तर. म्हणून करारात ‘फुटल्याचं कळल्यापासून २४ तासांत सोसायटीला लेखी कळवणे’ हे कलम आकड्यासह हवं.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, यावर नेहमी गोंधळ होतो. ‘तीस दिवसांत सगळं पुसा’ असं काही सदस्य म्हणतील. पण नव्या नियमांत माहिती कशी हाताळली याच्या नोंदी किमान एक वर्ष राखण्याची तरतूद आहे, शिवाय चोरीच्या तपासात पोलीस मागतात. तेव्हा ठेवणं आणि दिसणं वेगळं करा. वॉचमनच्या फोनवर फक्त आजच्या नोंदी, रहिवाशाला स्वतःच्या फ्लॅटच्या ३० दिवसांच्या. त्यापलीकडचं उघडायला सचिव आणि आणखी एक सदस्य अशा दोघांची परवानगी, आणि कुणी, कधी, का उघडलं याची नोंद. वर्ष झालं की पुसून टाकणं, आणि पुसल्याचं पत्र. आपल्या सदस्यांच्या नंबरवर जाहिरात करायची नाही आणि ते तिसऱ्याला द्यायचे नाहीत, हेही लिहून घ्या. त्यासाठी फ्लॅटमागे महिन्याला थोडे पैसे मोजावे लागले तर मोजा. आणि बाहेर पडायची वाट आधीच आखा: करार संपल्यावर १५ दिवसांत सगळा डेटा एक्सेल उघडू शकेल अशा स्वरूपात परत. हे कलम नसलेल्या सोसायट्या केवळ जुन्या नोंदींपायी त्याच कंपनीला चिकटून राहतात.

पैशांबद्दल थोडक्यात. मेंटेनन्सही आता त्याच अ‍ॅपमधून भरला जातो, म्हणून तीन गोष्टी तपासा. क्यूआर स्कॅन केल्यावर सोसायटीचंच नाव दिसलं पाहिजे, खजिनदाराचं नव्हे. माणूस कितीही सज्जन असो. बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या रकमेवर व्यापारी शुल्क, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य आहे, त्यामुळे यूपीआयवर ‘सुविधा शुल्क’ लागत असेल तर ते कंपनीने स्वतःसाठी लावलेलं आहे आणि त्यावर घासाघीस होऊ शकते. तिसरं, थकबाकीवरचं व्याज आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त सालाना २१ टक्के आणि सरळ. सॉफ्टवेअरमध्ये चक्रवाढ चालू राहिलं असेल तर एका थकबाकीदाराचं बिल हाताने मांडून पाहा, लगेच कळेल. सदस्याच्या खात्यातून पैसे गेले आणि तुमच्याकडे पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे व्यापारी व्यवहारात पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. तोवर त्याला विलंब शुल्क लावू नका.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि विषयपत्रिका चौदा दिवस आधी जायला हवी. तिच्यात हा ठराव घाला, शब्द तुमच्या सोयीने बदला: ‘गेट व्यवस्थापन अ‍ॅपचा करार, त्यातील नोंदी राखण्याची मुदत, विक्रेते आणि घरकामगार यांच्या पासांचे नियम आणि अ‍ॅडमिन अधिकार कोणाकडे असावेत हे सभेने ठरवावे, आणि दर सहा महिन्यांनी सेटिंग्जची छापील प्रत नोटीस बोर्डावर लावावी.’ घरकामगार आणि विक्रेते सभेला येऊ शकत नाहीत, तेव्हा आदल्या रविवारी त्यांच्यातल्या चार-पाच जणांना ऑफिसात बोलावून त्यांची अडचण विचारा आणि ती सभेत वाचून दाखवा. हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत मात्र टाकू नका. तोवर अर्धी सभा वडापाव खाऊन घरी गेलेली असते.

कळावे,

आपले,
सोसायट्यांचे हिशेब, सुरक्षा आणि अ‍ॅपची कामं पाहणारे काही मुंबईकर